दीड इंच, एक सूत

हिंगोलीला, अकोला बायपासवर, पंक्चरवाल्याशेजारी
माझं दुकान. चौकटी, दिवाण, देव्हारे.
बंदूक कधी आली नव्हती.

ती आणली मुनीरखाँ हवालदारांनी,
एसआरपीतून निवृत्त,
चादरीत गुंडाळून, आजारी बकरं आणावं तशी.
मागं तेजल कऱ्हाळे, नववीतली,
चूक तिचीच असल्यासारखी उभी.

"छर्ऱ्याची आहे, पांचाळ. भिऊ नका.
दस्ता कापायचा. किती, ते तुम्ही सांगा."

म्हटलं, आधी धरून दाखव.
तिनं धरली.
कंबर मागं मोडलेली,
मान पुढं, विहिरीत डोकावल्यासारखी,
दस्त्याचं टोक खांद्यावरून घसरून दंडावर,
डावा हात पार सरळ, थरथरता,
आणि गाल लाकडाला टेकलेलाच नाही.

"वर्षभर हिला म्हणतोय, उभं राहता येत नाही तुला.
पाय असे ठेव, पोट आत घे, श्वास सोड.
काल रात्री झोपेतून उठलो, पांचाळ,
तेव्हा कळलं. बंदूक सहा फुटी माणसाची आहे."

पोरगी काही बोलली नाही.

मला वाकस आठवला, बापाचा.
बाप उंच, दांडा त्याच्या मापाचा, मी तेरा वर्षांचा.
"नीट धर की रे," एवढंच सांगायचा.
नीट धरायला मला चार वर्षं लागली.
उजवा खांदा अजून खाली आहे,
शिंप्याला दर वेळी सांगावं लागतं.

कोपर वाकव, म्हटलं, गुण्यासारखं.
लवणीत टेप लावला,
चापावरच्या बोटाच्या पेरापर्यंत ताणला: बारा.
दस्त्याला लावला, चापापासून टोकापर्यंत: साडेतेरा.
वर्षभराची बोलणी
दीड इंचात बसत होती.

"अंगात जाकीट असतं पण," ती पहिल्यांदा बोलली.
मग ते घालून ये की!
सायकलवर गेली, भावाचं जीन्सचं जाकीट
घालून घामाघूम परत आली.
आणखी एक सूत.

मागची रबरी पट्टी काढली.
साग नव्हे, शिसव नव्हे, कुठलं लाकूड कळेना,
करवतीला गोड वास येत होता.
आधी इंचभरच कापलं.
कापलेलं परत वाढत नाही.

"डोळे मीट," हवालदार म्हणाले.
"खांद्याला लाव. गाल टेकव. आता उघड.
काय दिसतं?"
"भोकाची कड."
पुन्हा करवत, मग कानस, मग पॉलिश पेपर.
"आता?"
"माशी. माशीवर काकांच्या दारावरचा नाल."
मान कुठं ताणलेली नव्हती.
पाय तिनं आपोआप सरकवले होते,
कुणी सांगितलं नव्हतं.

चहा झाला. पैसे घेतले, साठ रुपये.
तुकडा टाकू नका म्हणाले, पोरगी वाढेल.

वाढली. दोन वर्षांनी एकटी आली,
आवाजही जाड झालेला.
त्याच तुकड्याची तीन सुतांची चकती काढली,
लांब स्क्रूनं बसवली.
पडून मारताना आणखी लागते म्हणे,
म्हणून दुसरी चकती तिच्या खिशात दिली.
नेम लागतो का, विचारायचं राहूनच गेलं.
उरलेला तुकडा खिळ्यांच्या डब्यात आहे,
वर पेन्सिलीनं: कऱ्हाळे.

परवा शिकायला नवा पोरगा आला, सेनगावचा,
हडकुळा, बाराएक वर्षांचा दिसतो, म्हणतो सोळाचा आहे.
वाकस मागायला लागला.
म्हटलं थांब, कोपर वाकव.
मी टेप काढला तसा तो हसायला लागला:
"काका, शर्ट शिवता का काय मला?"